मामीच्या नंबरवरून आलेलं उत्तर

मंडळी, घरात कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथेच लिहिते.

कॉलेज संपल्यावर मी एका कंपनीत मार्केटिंग ऑपरेशन्समध्ये लागले. मसोलीत घरी बसूनच काम. कंपनीचे मेसेज हजारो ग्राहकांना जाण्याआधी ओळखीच्या नंबरांवर पाठवून तपासायचे असतात. मी गंजाडच्या सुनंदामामीचा नंबर टाकला होता. मेसेज पोचला की ती हौसेने फोन करायची, "आला गं! नाव बरोबर आहे."

मामी दिवाळीत गेली. तपासणीच्या यादीत नंबर तसाच राहिला.

आज दुपारी, बरेच दिवस खरेदी न केलेल्या ग्राहकांसाठीचा नवा मेसेज तपासायला पाठवला. "सुनंदाताई, बऱ्याच दिवसांत आला नाहीत. कुठे आहात?"

मिनिटभरात तिच्या नंबरवरून उत्तर आलं. "इथेच आहे."

मी फोन लावला. मामाने उचलला.

"मीच लिहिलं गं. तिचा फोन रोज चार्ज करतो मी. घरात आता तिचं नाव कोणी घेत नाही. एवढं आपुलकीने कोणी विचारलं, तर गप्प कसं बसायचं?"

ती आपुलकी मीच सेट केली होती.

उत्तर आलं की सिस्टीम दुसऱ्या दिवशी आपोआप पुढचा मेसेज पाठवते. उद्या जाईल, "सुनंदाताई, आम्ही वाट बघतोय."

खरं सांगा, तुम्ही नंबर काढला असता?