माह्या कूलरचा पयला नंबर

दर्यापुरात आमच्या गल्लीत मच्छरांवर संशोधन करणारी एक पोरगी आली होती. नाव इचाराचं राहूनच गेलं. चष्मा कपाळावर, हातात वरणाच्या पळीसारखी पळी. पळीतलं पाणी असं पाहे, जसं मीठ बराबर पडलं का पाहून राहिली.

माह्या कूलरात उन्हाळ्याचं पाणी तसंच होतं. पुढच्या उन्हाळ्याले कामी येईन म्हणून ठेवलं होतं. पोरीनं पळी बुडवली अन् नाचालेच लागली. "काका, इतक्या अळ्या मला मेळघाटातही नाही मिळाल्या!"

माही छाती फुगली. तापानं पडलेल्या शेजारच्या वहिनीले सांगाले धावलो, "आपला कूलर मेळघाटाच्याही पुढे!"

माह्या मांगं आलेली पोरगी हळूच म्हणे, "काका, डेंग्यूचे डास यातूनच निघतात."

वहिनी खाटेवरून म्हणे, "भाऊजी, फक्त मले उठू द्या. तुमचा सत्कार मीच करतो."