आता अडणार नाही

धम्मपालच्या हातात जादू आहे, असं पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या चाकणच्या त्या प्रेस शॉपमध्ये सगळे म्हणायचे. जादू कसली, खोड होती ती. साहेबलोकांनी त्याला उभ्या नोकरीत एकच विद्या शिकवली : मध्ये येईल ते काढून टाक. प्रेसमध्ये हात गेला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो. तो थांबवतो म्हणून माल कमी निघतो, आणि माल कमी निघाला की साहेबाचं तोंड वाकडं होतं. मग मशीन लावून देणारा सेटर म्हणून धम्मपालला बोलावणं यायचं. तो सेन्सर सोडवायचा, वायर वायरीला जोडायचा आणि शाबासकी घेऊन भोसरीच्या घरी परतायचा.

ज्योतीरामच्या प्रेसचा सेन्सरही त्यानंच काढला. लातूरकडचा हा पोरगा कंत्राटावर नवा लागलेला, बिचकत काम करायचा. धम्मपालनं त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "हाण बिनधास्त भावा. आता अडणार नाही."

आठवडा उलटायच्या आत त्याच प्रेसनं पोराच्या उजव्या हाताची चार बोटं नेली.

साहेबानं संध्याकाळपर्यंत धम्मपाललाच सेन्सर परत बसवायला लावला आणि कामगार निष्काळजी होता असं लिहून हात झटकले. बसवण्याआधी धम्मपालनं मात्र आयुष्यातली एक धिटाई केली. गेटवरच्या पहारेकऱ्यानं मोबाईलच्या कॅमेऱ्यावर लावलेलं स्टिकर त्यानं नखानं उचकटलं आणि सेन्सर नसलेल्या मशीनचा व्हिडिओ घेतला. ज्योतीराम खरं बोलतोय, याचा जगात तेवढाच पुरावा होता.

धम्मपालची मुलगी दीक्षा हुशार. तिनं व्हिडिओ ऑनलाइन खात्यात ठेवला. गेटवर मोबाईल तपासतात, म्हणून मोबाईलमधून तो पुसला आणि खात्यातून बाहेर पडून त्याला दुहेरी कुलूप घातलं. पुन्हा उघडायचं तर पासवर्ड टाकायचा, वर बापाच्याच मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये दिसणारे सहा आकडे टाकायचे. एवढं करून ती नोकरीला बंगळुरूला गेली.

नुकसानभरपाईसाठी ज्योतीरामनं केलेल्या केसची तारीख जवळ आली. त्याच्या वकिलीणबाईंनी व्हिडिओ आधी आपल्या ऑफिसात दाखवायला सांगितलं, म्हणून धम्मपाल घरी सराव करायला बसला. जाड बोटांनी चार आकडे टाकेपर्यंत ॲपमधले सहाच्या सहा बदलायचे. पुन्हा टाकले, पुन्हा बदलले. उद्या बाईंसमोर अशीच फजिती होणार म्हणून त्याला घाम फुटला. दीक्षाला विचारावं, तर लेक हसेल. मग हातानं जन्मभर जे केलं तेच केलं. ॲपवर बोट दाबून धरलं आणि ते मोबाईलमधून उडवलं. काय हलकं वाटलं त्याला! त्यानं ज्योतीरामला फोन करून सांगितलं, मधली कटकट काढून टाकली, उद्या निर्धास्त ये.

दुसऱ्या दिवशी पिंपरीच्या त्या ऑफिसात पासवर्ड बरोबर निघाला, आणि खात्यानं सहा आकडे मागितले. ते दाखवणारं ॲप आता कुठेच नव्हतं. धम्मपालनं मुलीला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली,

"बाबा, आधी खात्यात जाऊन ते आकडे मागणं बंद करायचं असतं. मग मोबाईलमधून काढायचं. तुम्ही कुलूप तसंच ठेवलंत आणि किल्ली फेकलीत."

ॲप हरवलं तर वापरायचे अडीअडचणीचे कोड तिनं जपून ठेवले होते. त्याच खात्यात. नवीन ॲप घालून पाहिलं, त्यात काहीच नव्हतं. खातं चालवणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं, की हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटत नाही. बरोबरच आहे म्हणा. त्या मशीनचा सेन्सर काढलेला होता, याची तरी कुणाला खात्री पटत होती?

वकिलीणबाईंनी फाईल मिटली. व्हिडिओशिवाय केस उभी राहणं कठीण आहे, असं त्या हळूच म्हणाल्या. धम्मपाल बडबडत सुटला, की मी स्वतः साक्ष देतो, नोकरी गेली तर गेली. बाईंनी विचारलं, ज्यानं सेन्सर काढला त्यानंच बसवलाही, मग त्याच्या नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

ज्योतीराम इतका वेळ खिशात हात घालून बसला होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच धम्मपालला सोसवेना.

"भाऊ, काल फोनवर तुम्ही निर्धास्त ये म्हणले, तव्हाच मला शंका आली व्हती. सेन्सर काढला तव्हाबी तुमचा आवाज असाच व्हता."