चार्जर काढ, मग बोल

मी पंचवीस वर्षं अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. गिऱ्हाईक माझ्यासमोर पापलेटचा कल्ला उघडतं, पोट दाबतं, वास घेतं आणि नको म्हणून शेजारणीच्या टोपलीकडे वळतं. मी काही बोलत नाही. खोटं कशाला सांगू, बोलते. पण हात लावू देते.

म्हणून चारकोपच्या गाळ्यात जुने लॅपटॉप विकणारा "मावशी, हात लावू नका" म्हणाला, तेव्हा मी सरळ स्टूल ओढून बसले.

लेकीला घरबसल्या करायची नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी नऊला स्वतःच्या लॅपटॉपवर हजर, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. आज शनिवार. घाईतलं गिऱ्हाईक मी लांबून ओळखते. त्यानेही तिला ओळखलं होतं.

"कंडिशन एकदम झकास," तो म्हणाला. स्क्रीन लखलखत होती.

"चार्जर काढ."

"कशाला?"

"बर्फावर सगळीच मासळी ताजी दिसते रे. खाली उतरव."

चार मिनिटांत स्क्रीन काळी झाली.

लेक कानात पुटपुटली, "आई, चल ना. लोक बघतायत."

"बघू दे. तिकीट नाही लावलेलं."

दुसरा लॅपटॉप चार्जरविना मस्त चालला. मी तो बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितला.

"चालूच आहे ना, मावशी."

"म्हणूनच."

लेकीने बटण दाबलं. स्क्रीनवर भलत्याच कंपनीचं नाव आलं आणि खाली पासवर्डची चौकट. जुन्या मालकाचं कुलूप अजून तसंच होतं.

"ते मंगळवारी काढून देतो," तो म्हणाला.

"आणि सोमवारी हिने साहेबाला काय दाखवायचं, तुझं तोंड?"

यावर लेकीला हसू फुटलं, आणि तिची लाज तिथेच संपली. तिसरा लॅपटॉप तिने स्वतः ओढला. एकेक बटण दाबून पाहिलं, झाकण दहादा उघडलं-मिटलं, बिजागरी ऐकली, कॅमेऱ्यात स्वतःला वेडावलं. चार्जर काढून तासभर व्हिडिओ चालवला. तोवर त्याने आम्हाला चहा पाजला. शेवटी लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर तिने बिलात लिहून घेतला.

"मावशी, तुम्ही माझं दुकान बंद कराल."

"चांगला माल ठेव, उघडं राहील."

सोमवारी नऊला लेक कामाला बसली. दुपारी म्हणाली, कॅमेऱ्यात चेहरा पिवळा दिसतो. म्हटलं, घरातली ट्यूबलाइट बदल. लॅपटॉप मी तपासून घेतलाय.