गळक्या पाइपाचा कोळी

सोसायटीच्या मागच्या भिंतीवरचा गळका पाइप मी एका रविवारी कुणालाही न विचारता दुरुस्त केला, आणि बाळकाका उपासनी माझ्याशी बोलेनासे झाले. मी मंगळवेढ्याचा. आमच्याकडे नळ ठिबकताना दिसला, की तो शेजाऱ्याचा असला तरी माणूस उठून बंद करतो. बोरिवलीत ही सवय नडेल असं वाटलं नव्हतं.

बाळकाका विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. तळमजल्यावरच्या त्यांच्या घरात मी पेइंग गेस्ट. त्या पाइपाचा विषय दर सभेला निघायचा आणि दर सभेला ते "कोटेशन मागवतो" म्हणायचे. लोक त्यांना आळशी समजत. खरं काय ते सुनंदाकाकूंनी मला सांगितलं.

"घरातला नळ ठिबकला तर या माणसाला झोप येत नाही. बाहेरचा मात्र जपून ठेवला होता. कोळ्यासाठी."

पाइपाखाली, काकांच्या खिडकीला लागूनच, मेंदीचं कुंपण आहे. त्या थेंबांवर ते एप्रिलातही हिरवं राहायचं, त्यावर चिलटं घोंगावायची, आणि चिलटांच्या आशेने एक कोळी तिथे जाळं बांधून, त्यावर पांढऱ्या धाग्याची फुली काढून मधोमध उलटा बसायचा. असे कोळी काकांनी नॅशनल पार्कात पुष्कळ पाहिलेले. दर रविवारी जायचे. गुडघे गेल्यावर जंगल म्हणून एवढंच उरलं होतं. ते मी एमसील लावून बंद केलं.

पंधरवड्यात कुंपण वाळलं, चिलटं गेली, मग कोळीही गेला. पाइप पुन्हा फोडावा तर सभासदांनी नुकतंच माझं अभिनंदन केलेलं. शेवटी फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून मी रोज संध्याकाळी कुंपणाला घालू लागलो. वरच्या मजल्यावरची अस्मिता म्हणाली, "काय रे, आधी थेंब वाचवलेस, आता बादल्या ओततोस?"

आधी भिंतीवर एक लांब पायांचा कोळी आला. मी घाईघाईने काकांना दाखवला. तेव्हा ते प्रथमच बोलले.

"हा आपल्या माळ्यावरचा. याला आडोसा मिळाला की झालं. माझा तो ओलीतला."

मेमध्ये कुंपणाला पालवी फुटली, चिलटं परतली, आणि एका सकाळी फांद्यांत नखाएवढा एक कोळी जाळं ताणून बसलेला दिसला. जाळ्यावर फुलीचा एकच पाय, मधून एका कोपऱ्याकडे गेलेली तिरकी रेघ. काकांना हाताला धरून बाहेर आणलं. चष्मा पुसून ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"बरा आहे," ते म्हणाले. "पण फुलीला पाय चार असतात, मंगळवेढेकर. तुझ्याकडून तीन येणं आहे."

मी बादली भरायला आत गेलो.