हिरवी नळी

आण्णांना स्वतःचं नाव फार आवडायचं. घरातल्या प्रत्येक स्टीलच्या भांड्यावर ते कोरलेलं असायचं, आणि तेही काठाला बारीक अक्षरात नव्हे, बरोबर मधोमध. आमटीची वाटी संपवली की तळाशी आण्णा भेटायचे. गाडीच्या मागच्या काचेवर नाव, छत्रीच्या दांड्यावर नाव, गल्लीतल्या मंडळाला दिलेल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव. "आण्णा, पंखा सुरू झाल्यावर हे कोण वाचणार?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लाईट जाती की."

हे माझे थोरले मामा. पण आम्ही भाच्यांनीही त्यांना कधी मामा म्हटलं नाही. सगळ्या कोल्हापूरचे आण्णा, तसे आमचेही आण्णा. शहरात त्यांची मटणाची दोन हॉटेलं होती. दोन्हींच्या बोर्डावर नावं वेगळी, पण बोर्डाकडे बघतंय कोण? लोक म्हणायचे, "चला, आण्णाकडं जाऊ." आण्णा स्वतः रश्श्याची बादली घेऊन पंगतीत फिरायचे आणि न विचारता वाढायचे. कुणी वाटीवर हात धरला तर हाताच्या बोटांमधून ओततील की काय अशी भीती वाटायची. "वाटी रिकामी दिसली की मला गुदमरल्यागत हुतंय," असं ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

तिसरं हॉटेल होतं नृसिंहवाडीच्या रस्त्यावर. तुळशीकट्टा, शुद्ध शाकाहारी. हे मामीचं राज्य. मामी माळकरी घरातली. तिनं लग्नाच्या बैठकीतच सांगितलं होतं, "मुलगा पसंत हाय, पण त्येंच्या हॉटेलात मी पाय ठेवणार न्हाय." आण्णांनी हसत मान डोलावली, आणि पुढं चार पैसे हातात आल्यावर तिला हे हॉटेल काढून दिलं. वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या तिथं थांबायच्या. आजूबाजूच्या गावांतल्या जैन मंडळींसाठी मामीनं वेगळी चूल आणि वेगळी भांडी ठेवली होती. कांदा-लसणाशिवायचा स्वयंपाक, आणि दिवस मावळायच्या आत पान वाढलेलं. इचलकरंजीत सुताचा व्यापार करणारे मगदूम काका रोज घरी जाताना तिथं जेवायचे. कधी त्यांच्या म्हाताऱ्या आईलाही घेऊन यायचे. त्या बाई बाहेर कुठं पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत, पण मामीच्या हातचं जेवायच्या. हा विश्वास मामीनं वर्षानुवर्षं एकेक घास वाढून मिळवला होता.

मग पुण्याहून दोन पोरं आली. कुणाच्या तरी ओळखीनं आली होती, लॅपटॉप घेऊन. म्हणाली, "आण्णा, तीन हॉटेलं आणि तीन नावं, ह्यात तुमचा ब्रँड हरवतोय. सगळीकडे एकच ओळख हवी. तुमचं नाव, तुमचा चेहरा." सख्ख्या मामाबद्दल असं म्हणू नये, पण आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. महिन्याभरात तिन्ही हॉटेलांवर 'आण्णा ग्रुप'चे बोर्ड चढले. बोर्डावर आण्णांचा मिशीवाला हसरा चेहरा, हातात रश्श्याची वाटी आणि वाटीतून वर आलेली मटणाची नळी.

मामीनं विचारलं, "माझ्या बोर्डावरची तेवढी नळी काढता येती का?" पोरगा म्हणाला, "मॅडम, लोगो बदलता येत नाही. पण तुमचं व्हेज आहे ना, आपण तो हिरवा करू." आणि केला की. शुद्ध शाकाहारी हॉटेलावर हिरवीगार नळी. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा रस्त्यात उभी राहून हसले. मामी हसत नव्हती, हे माझ्या जरा उशिरा ध्यानात आलं.

शहरातल्या हॉटेलांवर त्या पोरांनी आणखी एक ओळ टाकली होती, 'अनलिमिटेड रस्सा'. आता कोल्हापुरात रस्सा अनलिमिटेड आहे हे बोर्डावर लिहिणं म्हणजे सोयऱ्याला दारातच सांगणं, की बसायला पाट देणार आहोत. जुनी गिऱ्हाईकं आण्णांना तोंडावर विचारायला लागली, "का वो आण्णा, आजवर मोजून घालत हुता व्हय?" आण्णांनी ते हसण्यावारी नेलं. मटणाच्या गिऱ्हाइकानं चिडवलं तरी ते जेवायला येतंच.

तुळशीकट्ट्यावर मात्र कुणी चिडवलं नाही. लोक नुसते यायचे थांबले. गाड्या हळू व्हायच्या, आतली माणसं बोर्डाकडे बघायची आणि गाड्या पुढं जायच्या. मगदूम काका एकदा आले ते दारातच उभे राहिले. म्हणाले, "वैनी, माझा तुमच्यावर इस्वास हाय. पन आईला काय सांगू? ती म्हणती, मटणवाल्याचं घर हाय त्ये, भांडी एकच असणार." मामीनं त्यांना बसा म्हटलं नाही. त्यांनाच अवघड झालं असतं. मामीच्या हाताखाली गावातल्या चार-सहा बाया होत्या. पोळ्या कमी लागायला लागल्या तशी त्यांतल्या कुणाला उद्यापासून येऊ नको म्हणायचं, हा घोर तिला लागला. पोरासोरांच्या आया होत्या सगळ्या.

आण्णा आधी हटूनच बसले. "मानूस नावाला येतंय आणि चवीला ऱ्हातंय," ही त्यांची आवडती म्हण, त्यांनीच केलेली. म्हणून गिऱ्हाईक आणायला ते स्वतः तुळशीकट्ट्याच्या दारात खुर्ची टाकून बसले. "या पावणं, शुद्ध शाकाहारी हाय!" असं ते ओरडायचे, आणि बोर्डावरची मिशी खाली खुर्चीत जिवंत बसलेली बघून उरलेसुरले पावणेही पळायचे. दुखण्यापरीस औषध भारी, म्हणतात ते हे.

एका दुपारी मामीनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि शेजारी बसली. आवाज न चढवता म्हणाली, "तुमचं नाव लई मोठं हाय. माझ्या भिंतीला ते पेलंना."

आण्णा जेवता जेवता थांबले. मला वाटलं, आता काहीतरी फटकन बोलणार. उलटं बोलणं हा आमच्या घराचा वारसाच आहे. पण त्यांनी सावकाश ताट संपवलं, हात धुतला आणि फॅब्रिकेशनवाल्याला फोन लावला. दिवस मावळायच्या आत बोर्ड खाली आला. पुण्याच्या पोराचा फोन आला, "आण्णा, असं केलं तर ब्रँड मोडेल." आण्णा म्हणाले, "मोडू दे. बायकूचं हॉटेल मोडण्यापरीस बरं."

दुसऱ्या दिवशी ते मगदूम काकांच्या घरी गेले. मी बरोबर होते. आयुष्यात कुणापुढं मान न लववलेला हा माणूस त्या म्हातारीसमोर खाली जमिनीवर बसला. म्हणाला, "आज्जी, चूक माझी हाय. तिची चूल हाय तशीच हाय, कवा बी येऊन बघा." पुढच्या पंधरवड्यात म्हातारी आली, आधी स्वयंपाकघरात जाऊन सगळी भांडी उलटीपालटी करून बघितली, आणि मग जेवायला बसली. तिच्या मागून हळूहळू बाकीचेही आले. त्या बायांपैकी एकीलाही घरी बसावं लागलं नाही.

त्यानंतर आण्णा तुळशीकट्ट्यावर जायचे ते गिऱ्हाईक म्हणून. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मुकाट जेवायचे. एकदा एका यात्रेकरूनं त्यांनाच विचारलं, "जेवण चांगलं आहे हो. मालक कोण?" आण्णा म्हणाले, "मालकीण आत हाय. मी रोजचं गिऱ्हाईक." हे सांगताना त्यांची छाती अशी फुगली होती, की मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. आजही वाटतो.

गेल्या वर्षी आण्णा गेले. भाऊबंदांनी शहरात चौकाचौकात श्रद्धांजलीचे फ्लेक्स लावले, दोन्ही हॉटेलांवर लावले आणि तिसरा घेऊन तुळशीकट्ट्याला आले. मामी पायरीवर बसली होती. तिनं तो लावू दिला नाही. धाकटे मामा चिडले, "वैनी, नवरा हुता तुमचा. एवढं बी करवंना?"

"त्येंनी माझ्यासाठी नाव उतरवलंय," मामी म्हणाली. "ते मी परत चढवणार न्हाय."

दिवसकार्य झालं आणि मामीनं हॉटेल उघडलं. वाडीच्या गाड्या थांबल्या, माणसं पोटभर जेवली आणि दत्ताचं नाव घेत पुढं गेली. आण्णा कोण, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.