गेशेचं शहर काही ठरेना

नाताळ उरकला की गेशे ओन्केनच्या स्वयंपाकघरात शहरं निघायची. कोपनहेगन, स्टॉकहोम, बर्गेन. लेक विबके रविवारी ओल्डेनबुर्गहून यायची, फोनवर हॉटेलांचे फोटो दाखवायची, आणि गेशे नाकावर चष्मा चढवून एकेका शहराची चिरफाड करायची. बाई मोठी हौशी! कुठल्या बोटीवर नाश्त्याला हेरिंग मासा मिळतो, कुठल्या बागेत फुलं आधी येतात, सगळं तोंडपाठ. आणि एप्रिल तोंडावर आला की गुडघा धरायचा, नाहीतर छप्पर गळायचं, नाहीतर शेजारणीच्या मांजराला कोण बघणार म्हणून घोडं अडायचं. एप्रिलात गेशेनं एम्डेनची वेस कधी ओलांडली नाही.

कारण गावाला ठाऊक होतं. तिचा नवरा हाब्बो लाकूड वाहणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी होता. विबके लहान असताना एका एप्रिलात बोट स्वीडनात गोथेनबर्गला लागली, हाब्बो यीस्ट आणतो म्हणून खाली उतरला, तो परत चढलाच नाही. ना प्रेत मिळालं, ना पत्ता. कुणी म्हणे बंदराच्या पाण्यात बुडाला, कुणी म्हणे तिकडेच दुसरा संसार थाटला. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार?

पण गेशेकडे पुरावा होता. आमच्याकडे, जर्मनीच्या या उत्तर किनाऱ्यावर, चहाचा कायदा आहे, आणि तो नवऱ्यालाही चुकत नाही. माणूस कपात चमचा ठेवेपर्यंत त्याला चहा ओतत राहायचं. चमचा कपात पडला म्हणजे पुरे, आता उठतो. त्या सकाळी हाब्बोला धक्क्यावर सोडून गेशे घरी आली, तेव्हा त्याचा चमचा बशीत होता. झालं! बेकरीत, चर्चच्या पायरीवर, जो भेटेल त्याला ती सांगत सुटली, "त्याचा चहा राहिलाय. तो येणार."

"अगं, माणूस बोट गाठायच्या घाईत होता," शेजारीण टेडा म्हणायची. "चमच्याचं काय घेऊन बसलीस?"

"तू दक्षिणेची, बायर्नची. तुम्ही बिअर पिणारी माणसं, तुला नाही कळायचं ते," गेशे तिला उडवून लावायची.

म्हणून टेबलावर हाब्बोच्या जागी त्याचा कप अजून मांडलेला असायचा, आत खडीसाखरेचा खडा, कोरडा ठणठणीत. आणि वसंत लागला की, देवा रे, त्या कोरड्या कपात खडा तडतडायचा, गरम चहा ओतल्यावर तडतडतो तसाच. तो फक्त गेशेला ऐकू यायचा. पहिल्यांदा ती दचकून उठली होती. पुढे ती त्या आवाजाची वाटच बघू लागली. तो तडतडला की म्हणायची, जवळ आलाय. अशात आपण गावाला जायचं, तो दारात उभा, आणि दाराला कुलूप? ती चुकामूक तिला स्वप्नात दिसायची.

मार्चअखेरच्या या रविवारी विबके हट्टाला पेटली होती.

"आई, आज ठरवल्याशिवाय मी उठणार नाही. कोपनहेगन?"

"सायकलवाले अंगावर येतात."

"बर्गेन?"

"पाऊस. तो इथे फुकट मिळतो."

"स्टॉकहोम?"

"कॉफी पितात दिवसभर. चहाच्या नावानं कोमट पाणी देतील."

"नन्नाचा पाढा नुसता! आई, मी चाळिशीला आले गं. मला एकदा तुझ्याबरोबर कुठेतरी बसून ऊन खायचंय. एकदाच. तू आहेस तोवर." विबकेनं फोन टेबलावर पालथा ठेवला. "त्या कपाशेजारी बसून बसून तूही जाशील एक दिवस."

गेशेनं किटली उचलली. स्वतःपुरता चहा ओतला. तेवढ्यात पलीकडे, हाब्बोच्या कोरड्या कपात, खडा तडतडला.

विबके खुर्चीतून ताडकन उठली. तोंड पांढरंफटक.

"ऐकलंस?" गेशेचे डोळे चमकले. "ऐकलंस ना तू? मी खोटं सांगते का? येतोय तो!"

"आई, नको. नको म्हणूस तसं." विबके भिंतीला टेकली. "चमचा मी काढला होता."

"कुठला चमचा?"

"बाबांच्या कपातला. तुम्ही दोघं धक्क्यावर गेलात, मी घरात. तळाला साखर उरली होती. मी चमच्यानं खरवडून खाल्ली आणि चमचा बशीत ठेवला. बाबांनी तो कपातच ठेवला होता, आई. कपातच होता."

गेशेनं हाब्बोच्या कपात डोकावून पाहिलं.

"लहान होते गं मी. त्याचा अर्थ कळला तोवर तू गावभर सांगून बसली होतीस. सांगताना इतकी आनंदात असायचीस. मग जीभच उचलली नाही. आत्ता तो आवाज ऐकला आणि वाटलं, बाबा मलाच विचारतायत."

गेशेनं आधी लेकीला शिव्या घातल्या. गधडी, मुकी, बापाची पोर, तोंडाला येईल ते बोलली. मग रडली, नाक पुसलं. चहा निवून गेला. मग तिनं हात पुढे केला, लेकीला जवळ ओढलं आणि तिचे केस नीट केले.

"कोपनहेगनची तिकिटं काढ," ती म्हणाली. "एप्रिलातलीच."

विबकेला आपल्या कानांवर विश्वास बसेना. ती हळूच म्हणाली, "आई, आता जायचंच आहे तर गोथेनबर्गला जाऊ या का? एकदा बंदरावर चौकशी करू. तुझ्या मनाला..."

"तिथे नाही." गेशेचा हात लेकीच्या डोक्यावर थांबला. "तिथे नको, पोरी. तिथे तो सापडला तर?"