स्लॅबवरच्या कुरडया

मुलाने घरावर काल नवा स्लॅब टाकला. ओल्या सिमेंटच्या वासाने टोकरखाड्यातलं आमचं पहिलं घर आठवलं.

सुरंगी गावच्या जान्याभाऊ गवंड्यांनी त्या घराच्या स्लॅबवर मातीची आळी बांधून पाणी भरलं आणि बजावलं, "भाभी, पंधरा दिवस पाणी हटवायचं नाही. स्लॅब तडकेल."

भाभी कसली, महामाया! एप्रिलचं ऊन आणि एवढी सपाट गच्ची फुकट जाते म्हणून चौथ्याच दिवशी मी आळी फोडली, लुगडं अंथरलं आणि आठवडाभर कुरडया वाळवल्या. नणंदेला बोलावून मिरवल्यासुद्धा.

पावसाळ्यात छत गळलं. आमचे हे चारचौघांत जान्याभाऊंवर ओरडले, "सिमेंट खाल्लंस!" फुटलेली आळी जान्याभाऊंनी पाहिली होती. त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. मी पदराला हात पुसत राहिले. पुढे कॉलनीत त्यांना कुणी काम दिलं नाही. हे वारले, तरी मी तोंड उघडलं नाही.

आज सुनेला दटावलं, "स्लॅबवरचं पाणी आटू देऊ नकोस."

ती हसली, "आई, तुम्हाला बांधकामातलं इतकं कसं कळतं?"

म्हटलं, "आमचा गवंडी फार चांगला होता."